पुस्तकाची कड बघून सांगते: अलीकडच्या आवडत्या कादंबऱ्या, आणि ज्यांची वाट बघतेय त्या

प्रश्न असा होता: "तुम्ही इतकी वर्षं लायब्ररीत आहात, तर गेल्या चार-पाच वर्षांतल्या तुमच्या आवडत्या कादंबऱ्या कुठल्या आणि पुढे येणाऱ्यांपैकी कशाची वाट बघताय? मी स्वतः दोन वर्षांत एकही कादंबरी पुरी केलेली नाही, ५० पानांनंतर सुटतेच, तर कुठून सुरू करू?"

मी २२ वर्षं देवघेवीच्या काउंटरवर बसतेय आणि एवढ्या वर्षांनी माझी आवड निव्वळ माझी उरलेली नाही, त्यात परत येणाऱ्या पुस्तकांचं म्हणणं मिसळलेलं असतं. म्हणजे काय ते सांगते. एखादी कादंबरी २०-२५ हातांतून फिरून आली की ती बंद करून आडवी धरायची आणि पानांची कड बघायची. जिथपर्यंत लोकांनी वाचलंय तिथपर्यंत कड मळकट आणि जराशी फुगलेली असते, पुढे एकदम पांढरी स्वच्छ. कुठे थांबले ते स्केल लावून मोजता येईल इतकं सरळ दिसतं. बक्षीस मिळालेल्या कित्येक जाड पुस्तकांची कड पहिल्या बोटभर जाडीलाच संपते, त्यामुळे ५० पानांवर सुटणारे तुम्ही एकटे नाही, आमच्या अर्ध्या शेल्फची तीच गत आहे. तर खाली जी नावं देतेय ती बहुतेक शेवटपर्यंत मळलेली पुस्तकं आहेत, एखाददुसरा अपवाद सोडून, आणि अपवाद कुठला तेही सांगेन.

तुमच्यासाठी पहिलं पुस्तक क्लेअर कीगनचं 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'. २०२१ चं आहे, सव्वाशे पानंसुद्धा नाहीत, म्हणजे तुमची ५० पानांची भिंत येईपर्यंत जवळजवळ निम्मं पुस्तक झालेलं असतं. गोष्ट १९८५ च्या आयर्लंडमधल्या एका छोट्या गावातली, नाताळच्या आधीचे थंडीचे दिवस. बिल फर्लाँग नावाचा कोळशाचा व्यापारी, पाच मुलींचा बाप, नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये कोळसा पोचवायला जातो आणि तिथल्या कोळशाच्या कोठीत त्याला एक मुलगी कोंडलेली सापडते. बस, एवढंच. पुढे तो काय करतो एवढाच प्रश्न. पण तो माणूस घरी येतो, जेवतो, मुलींना झोपवतो, हिशोब करतो, आणि त्या सगळ्यात ती कोठी डोक्यातून जात नाही, हे लेखिकेने इतक्या कमी शब्दांत केलंय की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागे जाऊन बघितलं, मधली पानं सुटली की काय. मागे खरा इतिहास आहे: आयर्लंडमध्ये चर्चच्या संस्थांनी चालवलेल्या मॅग्डलेन लाँड्र्या, जिथे 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या बायका-मुलींकडून फुकटात धुणीभांडी आणि कष्ट करून घ्यायचे, त्यातली शेवटची १९९६ मध्ये बंद झाली, आणि सरकारने माफी मागितली ती २०१३ मध्ये. कीगन हा इतिहास समजावून सांगत बसत नाही. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी काही बोलत नाही, ते 'कुणी काही न बोलणं' ती दाखवते. मोठ्या आवाजात लिहिलेल्या ४०० पानी कादंबऱ्यांपेक्षा हे पुस्तक मी जास्त लोकांच्या हातात ठेवलंय.

दुसरं समॅन्था हार्वीचं 'ऑर्बिटल'. ह्याला २०२४ चं बुकर मिळालं. १३६ पानं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात सहा माणसं, एकच दिवस, आणि त्या एका दिवसात १६ प्रदक्षिणा, म्हणजे १६ सूर्योदय आणि १६ सूर्यास्त. कथानक म्हणावं तर नाहीच. खाली एक चक्रीवादळ वाढत चाललंय, ते वरून बघतायत आणि काहीच करू शकत नाहीत. लोक म्हणतात "ह्यात घडत काहीच नाही हो", त्यावर मी म्हणते की सलग वाचू नका, एका वेळी एकच प्रदक्षिणा वाचा आणि ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी पुढची. तसं केलेल्यांपैकी फार थोड्यांनी अर्धवट परत केलंय.

ह्या पुस्तकावरून माझी एक फजिती झालेली आहे. आमच्या एक सभासद, आई जाऊन महिनाही झाला नव्हता, आल्या आणि म्हणाल्या काहीतरी शांत द्या, मारामारी नको, रडारड नको. मी मोठ्या आत्मविश्वासाने ऑर्बिटल काढून दिलं, शांत, अवकाश, निळी पृथ्वी वगैरे. त्या गेल्या आणि संध्याकाळी पुस्तकं लावताना आठवलं की अरे देवा, त्यातल्या जपानी अंतराळवीर चिएला वर असतानाच आई गेल्याची बातमी कळते, आणि ती खाली येऊ शकत नाही. मला त्या रात्री नीट झोप नाही. आठवड्याने त्या आल्या तेव्हा मी माफी मागायच्या तयारीत, तर त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "मुद्दाम दिलंत?" मी खरं ते सांगितलं की नाही, विसरले होते. त्या म्हणाल्या, "मुदतवाढ करून द्या." त्यानंतर अजून एकदा वाढवलं. पण ह्यातून 'दुःखात असलेल्याला दुःखाचं पुस्तक द्यावं' असा नियम मी काढलेला नाही, तो एक योगायोग होता. मी फक्त पुस्तक देण्याआधी आता जरा आठवून बघते.

आता मघाशी म्हटला तो अपवाद. पॉल लिंचचं 'प्रॉफेट साँग', २०२३ चं बुकर. आमच्या प्रतीची कड ६०-७० पानांनंतर पांढरी होत जाते आणि तरीही मी ते इथे घेतेय. कारण असं की पुस्तकात परिच्छेदच नाहीत. संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, ओळ तोडलेली नाही, काळ्या अक्षरांची सलग भिंत. एक आजोबा परत द्यायला आले आणि म्हणाले, "अहो, ह्यात श्वास कुठे घ्यायचा?" तीच तर गंमत आहे ना. आयर्लंडमध्ये हुकूमशाही येते, एकदम नाही, रोज थोडी थोडी. आयलिश नावाच्या चार मुलांच्या आईच्या दारात एका रात्री पोलीस येतात, नवरा शिक्षक संघटनेचा माणूस, तो पुढे संघटनेच्या मोर्चाला जातो आणि परत येत नाही. ती मात्र डबे भरते, म्हाताऱ्या बापाकडे चक्कर मारते, पासपोर्टचे अर्ज करते, आणि 'अजून एवढं काही झालेलं नाही' म्हणत राहते. वाचणाऱ्याला आधीच कळलेलं असतं की निघायला हवं, आता निघ, आता तरी निघ. तिला श्वास घ्यायला जागा नाही म्हणून आपल्यालाही नाही. हे पुस्तक घ्यायचं तर एक रिकामा रविवार काढून घ्या, झोपताना चार पानं अशा पद्धतीने ते वाचून होत नाही, आणि आमचे बहुतेक लोक झोपताना चार पानंवाले असतात म्हणून ती कड तशी आहे. तुम्ही मात्र सुरुवात ह्याने करू नका, प्लीज.

पर्सिव्हल एव्हरेटचं 'जेम्स' हे सुरुवातीला चालेल. २०२४ मध्ये आलं, अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि २०२५ ला पुलित्झर. मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनच्या गोष्टीत हकबरोबर तराफ्यावरून पळणारा गुलाम जिम, त्याच्या तोंडून सगळी गोष्ट. ट्वेनचं वाचलेलं नसलं तरी अडत नाही. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, जिम लहान मुलांची शिकवणी घेतोय. कशाची? तर गोऱ्यांसमोर मोडकंतोडकं, अडाण्यासारखं कसं बोलायचं ह्याची. एखाद्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघराला आग लागलेली दिसली तर सरळ "आग" म्हणून ओरडायचं नाही, कारण संकट आधी त्यांच्या लक्षात आलं असं त्यांना वाटलं पाहिजे. आपापसात हीच माणसं शुद्ध, नेमकं बोलतात. हसू येतं आणि लगेच आपण कशाला हसलो ते कळून घशात अडकतं. वेग चांगला आहे, प्रकरणं छोटी आहेत, एक पकड, दुसरी सुटका असं चालू राहतं. आमच्याकडे ह्याच्या दोन प्रती आहेत आणि एकही कधी शेल्फवर दिसत नाही.

गिऑर्गी गोस्पोदिनोव्हचं 'टाइम शेल्टर' मूळ बल्गेरियन, अँजेला रोडेलने इंग्रजीत आणलं आणि २०२३ चं इंटरनॅशनल बुकर दोघांना मिळून मिळालं. कल्पना भन्नाट आहे: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक दवाखाना, ज्यात प्रत्येक मजला एका दशकाचा, त्या काळचं फर्निचर, त्या काळची सिगारेट, त्या काळचा पेपर. पेशंटला जो काळ आठवतो त्यात तो सुखाने राहतो. मग धडधाकट माणसंही आत यायला लागतात आणि शेवटी युरोपातले देश सार्वमत घेतात, कुठल्या दशकात परत जायचं ते ठरवायला. दुसरा अर्धा भाग जरा पसरट झालाय असं माझं मत आहे, पण पहिल्या अर्ध्यासाठी सगळं माफ. आमच्याकडे जुने पेपर चाळायला नेमाने येणारे लोक आहेत, त्यांच्याकडे मी हे वाचल्यापासून वेगळ्या नजरेने बघते.

मराठीचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. कृष्णात खोतांचं 'रिंगाण', २०२३ चं साहित्य अकादमी. गावातून उठवलेली, विस्थापित झालेली माणसं, आणि जुन्या जागी मागे राहिलेली, रानाची झालेली म्हैस. विस्थापनावर भाषण ठोकणारी पुस्तकं खूप आहेत. हे पुस्तक माणूस आणि जनावर यांच्यातला पीळ धरून चालतं आणि त्यातच सगळं येतं. भाषा बोलीतली आहे, पहिली २० पानं कानाला सवय होऊ द्यावी लागते, मोठ्याने वाचलं तर लवकर होते, हे मी करून बघितलंय (घरी, लायब्ररीत नाही). आणि नंदा खरेंचं 'उद्या', हे काही एवढ्यातलं नाही, पण २०२० सालचा अकादमी पुरस्कार त्याला जाहीर झाला आणि खरेंनी तो नाकारला तेव्हा एकदम मागणी वाढली. माणसांवर सतत चाललेली पाळत, कमी होत गेलेल्या मुली, असलं जवळच्या भविष्यातलं सगळं. दरवर्षी ते थोडं कमी काल्पनिक वाटतं. लेखक २०२२ मध्ये गेले. मागणी ओसरेल असं वाटलं होतं, पण कुणीतरी वाचतं आणि पुढच्या आठवड्यात त्याचा मित्र विचारायला येतो, असं अजून चालूच आहे.

भारतीय भाषांमधून आलेलं म्हणाल तर गीतांजली श्रींचं 'रेत समाधि', हिंदीत २०१८ चं, डेझी रॉकवेलच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं इंटरनॅशनल बुकर मिळालं तेव्हा सगळ्यांना जाग आली. नवरा गेल्यावर ८० वर्षांची म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि उठत नाही, आणि उठते तेव्हा अशी उठते की घरच्यांची पळापळ होते. हिंदी वाचता येत असेल तर हिंदीतूनच वाचा, कारण अर्धी मजा शब्दांच्या खेळात आहे. पण ऐका, हे पुस्तक मुद्दाम रमतगमत जातं, रेंगाळतं, दरवाजावर, कावळ्यांवर पानंच्या पानं आहेत. गोष्ट पुढे सरकण्याची घाई असलेल्या माणसाने दोन-तीन छोटी पुस्तकं पुरी झाल्यावर मगच हात घालावा. आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचं 'हार्ट लॅम्प', दीपा भास्तींचा अनुवाद, २०२५ चं इंटरनॅशनल बुकर, त्या पुरस्काराच्या इतिहासात कथासंग्रहाला मिळालेलं पहिलं. कादंबरी नाही, १२ कथा आहेत, पण तुमच्यासारख्या अर्धवट सोडणाऱ्याला कथासंग्रह म्हणजे औषध आहे, एक कथा पुरी झाली की काहीतरी पुरं झाल्याचं समाधान तरी मिळतं.

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलेलं पुस्तक मात्र हान कांगचं 'वी डू नॉट पार्ट'. कोरियनमध्ये २०२१ ला आलं, इंग्रजीत २०२५ च्या जानेवारीत, मधे २०२४ चं नोबेल तिला मिळून गेलं. क्युंगहाची मैत्रीण इन्सन लाकूडकाम करताना बोटं कापून घेते, हॉस्पिटलमधून हिला सांगते की माझ्या घरी बेटावर एक पक्षी आहे, आज दाणापाणी मिळालं नाही तर मरेल, जा. बाहेर बर्फाचं वादळ. ही निघते. ते बेट म्हणजे जेजू, जिथे १९४८-४९ मध्ये हजारो लोकांची कत्तल झाली आणि नंतर कित्येक वर्षं त्याबद्दल बोलायचीसुद्धा चोरी होती. पक्ष्यापासून सुरू झालेलं पुस्तक तिथे जातं. त्यात एक गोष्ट अशी आहे की जोडलेल्या बोटांच्या नसा मरू नयेत म्हणून देखभाल करणारी बाई दर तीन मिनिटांनी जखमेत सुई टोचते, रक्त वाहतं राहिलं पाहिजे, दुखत राहिलं पाहिजे, दुखायचं थांबलं तर बोट गेलं. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि काउंटरवर बसून राहिले, समोर उभा असलेला माणूस खाकरला तेव्हा भानावर आले. पुढे सगळी कादंबरी जे सांगणार आहे ते त्या सुईत आलंय, आणि लेखिका कुठेही 'बघा, हे प्रतीक आहे हं' असं म्हणत नाही.

आता वाट बघण्याचं. लायब्ररीत नव्या पुस्तकाची वाट बघणं हा जरा हिशोबी प्रकार असतो, कारण पुस्तक यायच्या आधीच किती प्रती घ्यायच्या ते ठरवावं लागतं. मागच्या कव्हरवरच्या स्तुतीवर मी भरवसा ठेवत नाही, त्यात सगळीच पुस्तकं 'थक्क करणारी' असतात. मी बघते की ह्या लेखकाचं आधीचं पुस्तक ज्यांनी नेलं त्यांनी परत करताना "अजून काही आहे का ह्यांचं?" असं विचारलं का. तो एक प्रश्न मला दहा परीक्षणांपेक्षा जास्त कळवतो. बक्षीस जाहीर झालं की राखीव यादी भरभर वाढते, पाच प्रती घ्याव्या लागतात आणि सहा महिन्यांनी त्यातल्या चार शेल्फवर एकमेकींना टेकून उभ्या असतात. २०२५ च्या बुकर विजेत्या डेव्हिड सोलॉयच्या 'फ्लेश'चं तसं होईल का, मला अजून अंदाज येत नाहीये. इश्तवान नावाचा हंगेरियन माणूस, पोरसवदा असल्यापासून पुढचं सगळं आयुष्य, आणि हा गडी बोलतो किती तर "ओके". पानंच्या पानं ओके. काहींना ते आरपार लागतं, काही वैतागून परत करतात. मी पहिल्या गटात आहे. त्याच बुकरच्या अंतिम यादीतलं किरण देसाईंचं 'द लोनलिनेस ऑफ सोनिया अँड सनी' मी अजून पुरं केलेलं नाही. २००६ च्या कादंबरीनंतर जवळजवळ दोन दशकांनी आलेलं आणि जाडजूड, ते मी सुट्टीसाठी ठेवलंय. ५० पानांवर सुटणाऱ्यांसाठी नाही हे वजनावरूनच सांगते.

कोल्सन व्हाइटहेडच्या हार्लेम (न्यूयॉर्कमधली वस्ती) मालिकेचा तिसरा भाग हा माझा हमखास बेत. 'हार्लेम शफल' २०२१ ला आलं, 'क्रुक मॅनिफेस्टो' २०२३ ला, रे कार्नी नावाचा फर्निचरवाला, सरळ धंदा करायचा म्हणतो आणि चोरीचा माल विकण्यात पुन्हा पुन्हा ओढला जातो. पहिला भाग साठच्या दशकाच्या आसपासचा, दुसरा सत्तरच्या, तिसरा ऐंशीच्या. "गंभीर पण मजा येईल असं द्या" म्हणणाऱ्यांना मी हीच देते आणि ते दोन भाग एकाच वेळी नेतात.

पण खरी वाट बघतेय ती सोल्वाय बालेची. डॅनिश लेखिका. 'ऑन द कॅल्क्युलेशन ऑफ व्हॉल्यूम', सात खंडांची कादंबरी, इंग्रजीत एकेक करून येतेय, २०२४ च्या शेवटी अमेरिकेत पहिले दोन एकदम आले. तारा सेल्टर जुन्या दुर्मीळ पुस्तकांचा व्यवसाय करते, कामासाठी पॅरिसला जाते आणि सकाळी उठते तर पुन्हा १८ नोव्हेंबरच. परवाही १८ नोव्हेंबर. बाकीच्या जगाला काही आठवत नाही, नवऱ्याला रोज सकाळी नव्याने सगळं समजावून सांगायचं. तुम्ही म्हणाल हे सिनेमात बघितलंय, मीही तसंच म्हणत उघडलं. पण बाले असल्या तपशिलात शिरते जिथे सिनेमा जात नाही. ताराने दुकानातून आणून जे खाल्लं ते दुसऱ्या 'त्याच' दिवशी दुकानात परत येत नाही, फळी हळूहळू रिकामी होत जाते, आणि तिला कळतं की आपण हे जग खात चाललोय. तेव्हापासून ती दुकानं बदलत राहते. रोज परत येणाऱ्या पुस्तकांमध्ये बसणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. पहिला खंड दोनशे पानांच्या आतला आहे, शब्द साधे, वाक्यं छोटी, तुम्हाला जमेल. कीगन, मग जेम्स, मग हा पहिला खंड, असं न्या, आणि मधे सुटलं तर सुटलं, दंड उशिरा दिल्याचा असतो, न वाचल्याचा नसतो.

पुढचा खंड आल्या आल्या घ्यायचा म्हणून नाव नोंदवून ठेवलंय. राखीव यादीत माझा नंबर चौथा आहे, पहिल्या तिघांना हे पुस्तक मीच भरीला घातलं होतं आणि स्टाफला रांग मोडता येत नाही.